व्याह्यांना दाखवायची फुलं

"धुळ्याला फूल म्हणजे काय, बाभळीचंच ना?"

हा आवाज पाचोऱ्याहून येऊन सुकदेवरावांच्या कानात कायमचा मुक्कामाला राहिला होता. जाड, सावकाश, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत बोललेला. लेकीच्या लग्नात, भर मांडवात, हार घालायची वेळ आली आणि नाशकाहून मागवलेले हार टोपलीतून निघाले ते माना टाकूनच. गाडीला उशीर झालेला, वैशाखाचं ऊन डोक्यावर, फुलांचा बिचाऱ्यांचा काय दोष. पण व्याही चिंधू आबा यांनी एक हार दोन बोटांत उचलला, चार माणसांकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. वर हेही म्हणाले, "पाचोऱ्याला कळवलं असतं तर टोपलीभर पाठवली असती."

सुकदेवराव कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून. जन्मभर साहेबांच्या बोलण्याला 'होय' म्हणत आलेली त्यांची जीभ. पण त्या दिवशी ते मुलीचे बाप होते आणि सकाळपासून उपाशी होते. ते म्हणून गेले, "पाचोऱ्याला दोन दोन रेल्वे आहेत खऱ्या. तिथल्या फुलांना कोळशाचा वास येतो म्हणतात."

झालं. लग्न लागलं, पंगती उठल्या, कुंदा नांदायला गेली, जावई मनमिळाऊ निघाले, सासूसुद्धा ठीक निघाली. पण दोन व्याह्यांच्या मध्ये एक बाभूळ आणि कोळशाचा एक ढीग जो येऊन बसला तो हलेना.

एरवी तो हलवायची गरजही पडली नसती. व्याह्यांनी एकमेकांवर रुसायचं नाही तर मग कुणी रुसायचं? पण खानदेशात आखाजी नावाची गोष्ट आहे. अक्षय्यतृतीयेला देशावरचे लोक आमरस खातात आणि झोपतात. इकडे त्या दिवसांत लेकी माहेरी असतात. चैत्रात गौराई बसली की भाऊ नाही तर बाप मूळ घेऊन लेकीच्या सासरी जातो, व्याह्यांच्या ओसरीवर बसतो, 'पोरीला पाठवा' असं नम्रपणे म्हणतो, आणि मग लेक त्याच्याबरोबर माहेरी येते. आली की निंबाला झोका बांधते आणि वर्षभर सासरी जे बोलता आलं नाही ते झोक्यावर बसून गाण्यातून बोलून टाकते. आखाजी झाली की मोकळी होऊन परत जाते.

कुंदाला भाऊ नव्हता. म्हणजे मुळाला जायचं ते बापानेच. आणि बाप म्हणे, "आधी त्यांनी बाभूळ मागे घ्यावी." तिकडून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडी आबांचा निरोप येई, "मूळ आलं तर पाठवू. मुळावाचून पाठवायला आमची सून काय पार्सल आहे?" यात कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि त्यामुळेच दोन आखाज्या कोरड्या गेल्या. मधे जावई कामाच्या निमित्ताने तिला घेऊन उभ्या उभ्या येऊन गेले. पण ते येणं म्हणजे पाहुण्यासारखं, पदर खांद्यावर घेऊन. झोक्यावर बसायचं येणं निराळं.

कुंदाची आई यशोदाबाई यावरून भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर सुकदेवरावांना उत्तर देता आलं असतं. त्या फक्त गौराई बसली की माळ्यावरून झोक्याचा दोर काढत, त्याला ऊन दाखवत आणि अंगणातल्या निंबाला बांधत. मग तो झोका एकटाच वाऱ्याशी बोले. निंबाचा मोहर त्याच्या पाटावर बारीक बारीक पडत राही, जसं कुणी न येणाऱ्या पाहुण्यासाठी अंथरूण घालावं. संध्याकाळी यशोदाबाई पदराने तो पाट पुसून घेत. कचेरीतून आल्यावर झोक्याकडे न बघता घरात शिरायचं सुकदेवरावांना चांगलं साधलं होतं. टोपी डोळ्यांवर ओढली की जमे. तिसऱ्या चैत्रात मात्र टोपी जरा जास्तच ओढली गेली आणि पाट त्यांच्या गुडघ्याला लागला.

गुडघ्याला तेल लावता लावता यशोदाबाई म्हणाल्या, "दोन शब्द तर आहेत."

"कोणते?"

"पोरीला पाठवा."

"शब्द दोन असले तरी ते माझ्या तोंडून निघायचे आहेत."

"मग काय? तुमच्या तोंडून दिवसभर पानं पानं निघतात कचेरीत."

"ती सरकारी असतात," सुकदेवराव म्हणाले, आणि गुडघा ओढून घेतला.

पण रात्रभर गुडघा ठणकला आणि गुडघ्याबरोबर डोकंही चाललं. दोनच दिवसांपूर्वी कचेरीत त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, की मुंबईत कुणी हौशी गृहस्थ वसंत ऋतूत लोकांना सार्वजनिक बागेत फिरवून आपल्या मुलखाची रानफुलं दाखवतात. लोक रांगेने जातात, वाकून पाहतात, कौतुक करतात. मग हे धुळ्यात का होऊ नये? धुळ्याला बाग आहे. वसंत इथेही येतो, थोडा घाईत असतो इतकंच. आणि अशा फेरीचे अध्यक्ष म्हणून पाचोऱ्याच्या चिंधू आबांना बोलावलं तर? ते येतील, वाकतील, एकामागून एक फुलं पाहतील, मनात ओशाळतील, आणि परतीच्या वाटेवर आपणहून म्हणतील, "मग पोरीला कधी पाठवू?"

अशा तऱ्हेने दोन शब्द बोलायचे टाळण्यासाठी सुकदेवरावांनी सबंध गावाला कामाला लावायचं ठरवलं.

त्यांना फुलांतलं अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. उमेदीची काही वर्षं त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. साखळी ओढत ते बांधाबांधाने हिंडले होते आणि रानफुलं त्यांना बाजारातल्या माणसांसारखी ठाऊक होती: चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही. ज्यांची नावं आठवली नाहीत त्यांना त्यांनी एका रविवारी बसून संस्कृत नावं देऊन टाकली. सकाळी बागेत जाऊन जागाही हेरून ठेवल्या. कारंज्याच्या मागे, जिथे झारीचं पाणी पोचत नसे त्या कोपऱ्यात, भुईरिंगणी जमिनीला अंग टेकून पसरली होती. जांभळं तलम फूल, मधे हळदीचं बोट. कुंपणावर वाघाटी चढली होती, तिची पांढरी फुलं दुपार होता होता गुलाबी होत. पलीकडे नेपतीच्या बिनपानाच्या फांद्यांना तांबडी फुलं अशी लागली होती की वाळल्या काटक्यांना कुणी कुंकू लावलंय. सुकदेवराव तिथे बराच वेळ उभे राहिले. भुईरिंगणी धुळ्यापासून पार पाचोऱ्यापुढे भुसावळपर्यंत कुठल्याही बांधावर सापडते हे त्यांना ठाऊक होतं. ते व्याह्यांना सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

शेजारी रतिलालशेठ, कापसाचे दलाल. कुणाच्याही घरातलं कार्य आधी त्यांच्या ओट्यावर पिंजून निघे.

"फुलं बघायला माणूस येल का सुकदेवभाऊ?" ते म्हणाले. "फुकट बघायची वस्तू, तिला कोण येते? भजी ठेवा."

"भजी कशाला? हा निसर्गाचा कार्यक्रम आहे."

"तर मग निसर्गाची ठेवा. पानांची. ओव्याची पानं, मायाळूची पानं. पहिल्या फुलापाशी चहा, शेवटच्या फुलापाशी भजी. मधली फुलं माणूस भज्यांच्या आशेवर बघून टाकेल."

सुकदेवरावांनी हा सल्ला तुच्छतेने ऐकला आणि घरी येऊन डाळीचं पीठ किती आहे ते विचारलं.

हस्तपत्रक छापून आलं. 'चैत्रात रविवारी सूर्योदयी शहरच्या बागेत रानफुलांची प्रभातफेरी.' सुकदेवरावांना ते फार सुबक वाटलं. पोलिसांना तसं वाटलं नाही. कायदेभंगाची धामधूम नुकती कुठे ओसरली होती. पहाटे माणसं जमवून रस्त्याने काढायची म्हटलं की झेंडा, गाणी, घोषणा आणि मागोमाग लाठ्या, एवढंच फौजदारांनी आजवर पाहिलेलं. त्यांनी सुकदेवरावांना बोलावून खुर्ची दिली, यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

"सरकारी नोकर ना तुम्ही?"

"अव्वल कारकून."

"मग प्रभातफेरी कसली काढता?"

"फुलांची, साहेब."

"फुलं हा झाला बहाणा. शेवटी घोषणा कोणती द्यायची ठरलीये?"

सुकदेवरावांनी शपथेवर सांगितलं की शेवटी भजी आहेत. फौजदारांनी ते ऐकून घेतलं, पण मोकळीक दिली ती एका अटीवर. फेरीत एक माणूस साध्या वेषात राहील आणि कानांवर पडेल ते सगळं लिहून घेईल. हा माणूस म्हणजे सुपडू हवालदार, हे सबंध धुळ्याला दुसऱ्याच दिवशी माहीत झालं, कारण सुपडूने स्वतःच चौकाचौकांत सांगितलं, "रविवारी मी साध्या वेषात असेन, ओळख दाखवू नका."

नगरपालिकेत निराळीच अडचण निघाली. अर्ज बाग कमिटीकडे गेला. कमिटीने शेरा मारला, की बागेत लावलेली फुलं आमच्याकडे. आपोआप उगवलेली आमच्याकडे नाहीत. मग ती कुणाकडे? आपोआप उगवतं ते तण. तण आरोग्य खात्याकडे. आरोग्य खात्यातल्या गृहस्थांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. म्हणाले, "आमच्याकडे तण काढायचा विभाग आहे. बघायचा नाही." सुकदेवराव तिथून बाग कमिटीकडे, तिथून परत इकडे असे फिरत राहिले. आपणही याच धंद्यात जन्म काढला आहे, लोकांना असंच फिरवलं आहे, ही गोष्ट एका जिन्यावर दम घेताना त्यांच्या मनात येऊन गेली. त्यांनी तिला उद्या या म्हणून सांगितलं.

शेवटी मंजुरी आली. सुकदेवरावांनी ती यशोदाबाईंना मोठ्याने वाचून दाखवली, कारण शेवटची ओळ विशेष गोड होती: पाहुणे येणार असल्याने बाग त्या दिवशी नीटनेटकी राहील अशी मुकादमास सक्त ताकीद दिली आहे.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "इतका मान कुणाला देत नाहीत."

यशोदाबाई पीठ चाळत होत्या. "फेरी बागेतच ना?" त्यांनी विचारलं. "नदीकडे नाही ना जायचं?"

"नदीकडे कशाला जाऊ?"

"नाही, आपलं विचारलं," असं म्हणून त्या पीठ चाळू लागल्या.

अध्यक्षपदाच्या निमंत्रणाला चिंधू आबांचं उत्तराचं कार्ड आलं. येतो म्हणून लिहिलं होतं; फुलं नसल्यास दुपारच्या गाडीने परत, असंही लिहिलं होतं. शनिवारी संध्याकाळी चाळीसगावच्या गाडीने ते आले. लाल पागोटं, खांद्यावर उपरणं, आणि टांग्यात मागे एक भली मोठी हिरवी ट्रंक. झाकणावर गुलाबाचं फूल रंगवलेलं. टांगेवाल्याने आणि सुकदेवरावांनी मिळून ती उतरवली तेव्हा सुकदेवरावांच्या कमरेत लचक भरली.

"एका रात्रीसाठी ट्रंक?" स्वयंपाकघरात येऊन ते कुजबुजले. "आणि फूल पाहिलंस वर? मुद्दाम. पाचोऱ्याला ट्रंकेलासुद्धा फूल असतं हे दाखवायला आणलीये."

यशोदाबाई दारातून ट्रंकेकडे बघत राहिल्या. मग बाहेर येऊन त्यांनी झाकणावरच्या गुलाबावरून एकदा हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा. त्या रात्री पाटोड्यांच्या आमटीला अशी फोडणी बसली की गल्ली शिंकली.

पंगतीला दोघे व्याही समोरासमोर बसले. आबा जेवता जेवता एकदा दाराबाहेर पाहत म्हणाले, "झोका बांधलाय वाटतं."

"बांधलाय," सुकदेवराव म्हणाले.

"हं."

"हं."

आतून यशोदाबाईंनी विचारलं, "कुंदा बरी आहे ना?"

"बरी आहे," आबा म्हणाले, आणि सुकदेवरावांकडे पाहत थांबले. सुकदेवरावांनी त्यांना भाकरी वाढायला सांगितली. आबांनी भाकरी घेतली. मग पुन्हा थांबले. सुकदेवरावांनी ठेचा वाढायला सांगितला. असं करत करत आबांना बरंच जेवावं लागलं.

उजाडता उजाडता मंडळी बागेच्या फाटकाशी जमली. एक वकील, एक डॉक्टर, शाळेतले मास्तर, कचेरीतले काही जण आणि भज्यांवर डोळा ठेवून रतिलालशेठ. सुपडू हवालदार कोट-धोतरात आला होता. पायांत मात्र पोलिसी बूट, कारण धोतरावर घालायचे जोडे त्याच्यापाशी नव्हते. कानावर पेन्सिल, हातात वही. सगळ्यांनी कबूल केल्याप्रमाणे त्याला ओळख दाखवली नाही, त्यामुळे तो जरा हिरमुसला.

फाटक उघडलं. आत बागेचा मुकादम मगन मुजरा करून उभा. त्याच्यामागे बाग.

बाग पाटीसारखी स्वच्छ होती. वाटांवर लाल मुरूम. कडेच्या दगडांना चुना. कारंज्यामागचा कोपरा खणून, पाणी मारून, चोपून सारखा केलेला. कुंपणाच्या तारा उघड्या. नेपतीच्या जागी एक सारवलेलं वर्तुळ. जमिनीवर गवताची काडी नव्हती.

"साहेब," मगन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चार रात्रींचं जागरण होतं, "तुमच्यासाठी एक रानटी झाड ठेवलं नाही बागेत. मुळासकट काढलं बठ्ठं. आता काढा हवी तशी फेरी."

सुपडूने कानावरची पेन्सिल काढून जिभेला लावली. "रावसाहेब, पहिलं फूल सांगा."

सुकदेवरावांनी आबांकडे पाहिलं. आबा हात मागे बांधून त्या चोपलेल्या कोपऱ्याकडे फार गंभीरपणे पाहत होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "छान आहे. जागा ऐसपैस आहे."

मांडवातल्या बाभळीपेक्षा हे वाईट होतं. बाभळीला निदान पिवळं फूल तरी असतं. सुकदेवरावांच्या डोळ्यांपुढे दुपारची गाडी उभी राहिली, तिच्यात चढणारी हिरवी ट्रंक, आणि अंगणात रिकामा हलणारा पाट. त्यांनी छत्री वर केली. "ही नुसती सुरुवात होती," ते म्हणाले. "खरी फुलं नदीकाठी आहेत. चला."

मगन दोन पावलं पुढे आला. "साहेब, नदीवर? पन आज तिकडे..."

"मुकादम, तुमचं आता पुरे."

"नाही, पन साहेब, पोरी..."

"पुरे म्हटलं ना."

मगन बाजूला झाला. सुकदेवराव निघाले. मागे मंडळी निघाली खरी, पण नदीची वाट लागली तशी ती विरू लागली. वकिलांना अशील आठवला. डॉक्टरांना रोगी आठवला. मास्तर एका गल्लीत शिरले ते शिरलेच. रतिलालशेठची कापसाची वखार नदीच्या अंगाला, त्यांनी पुढे नुसता कान दिला आणि वाकून जोड्यातला खडा शोधू लागले. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले, "मी भज्यांपाशी भेटतो." सुकदेवरावांना वाटलं, ऊन चढलं म्हणून लोक गळताहेत. काठावर पोचले तेव्हा फेरीत ते, आबा आणि सुपडू एवढेच उरले होते.

पण फुलं होती. काठाच्या उतारावर कुणी मुकादम पोचला नव्हता आणि कुठल्या कमिटीची त्यांच्यावर सत्ता नव्हती. पांझरेचं पाणी चैत्रातलं, घोट्याएवढं, वाळूतून वाट विचारत चाललेलं. उतारभर भुईरिंगणी जांभळी जांभळी पसरली होती. नेपतीच्या काटक्या तांबड्या झाल्या होत्या. रुईच्या मेणासारख्या फुलांवर भुंगे लागले होते, आणि वाघाटीची पांढरी फुलं अजून गुलाबी व्हायची होती. सुकदेवराव आदले सगळे अपमान विसरले. संस्कृत नावंही विसरले. "हे पाहा," एवढंच म्हणत ते एका झुडपाकडून दुसऱ्या झुडपाकडे जाऊ लागले. "हे पाहा आबा. आणि हे."

आबा वाकले. पागोटं सावरून आणखी वाकले. भुईरिंगणीच्या फुलाला बोट लावायला गेले तेव्हा तिने त्यांच्या धोतराचा सोगा काट्यांत धरला. ते तसेच ओणवे राहून सुकदेवरावांकडे वळले. "सुकदेवराव," ते म्हणाले, "मी म्हणतो..."

नेमकं तेव्हाच गाणं आलं.

आखाजीच्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवर लेकीबाळी जमतात आणि गाण्यातून एकमेकींच्या गावांचा उद्धार करतात, ढेकळंही फेकतात, हे सुकदेवरावांना ठाऊक होतं. पुरुष त्या दिवशी तिकडे फिरकत नाही हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आखाजीला इतकी अचूक लढाई व्हायची तर आधी तालीम लागते, आणि ती गौराईचं पाणी न्यायला येताना रोज सकाळी चालते. बायकांनी हे कुठल्या पुरुषाला सांगायचं कारण नव्हतं. नदीकाठचे लोक कानांनी शिकले होते.

डोक्यावर तांबे, हातांत टिपऱ्या, दोन्ही अंगांनी पोरी उतरल्या. मधे हे तिघे. क्षणभर दोन्ही काठ थबकले. मग दोन्ही काठांचं भांडण मिटलं, कारण दोघांनाही मिळून भांडायला पुरुष सापडले होते.

नदीवर कोण आलं, असं अलीकडच्यांनी गाण्यातून विचारलं आणि उत्तरही दिलं:

"नदीना काठे कोन ऊना व माय, कोन ऊना?
छत्रीवाला ऊना, पागोटावाला ऊना.
एकना डोकामा भुसा शे व माय,
दुसराना डोकामा भुसा बी नही."

पलीकडच्यांनी टिपऱ्यांवर ठेका धरून ते परत पाठवलं, आणि त्याबरोबर पहिलं ढेकूळ आलं. ते आबांच्या पागोट्याला लागून फुटलं. दुसरं सुकदेवरावांच्या छत्रीतून आरपार गेलं. "खाली बसा," सुकदेवराव ओरडले आणि आबांना हात धरून नेपतीच्या जाळीमागे ओढू लागले. धोतराने यायला नकार दिला. टर्र असा आवाज झाला आणि सोग्याचा बराच भाग भुईरिंगणीपाशी राहिला. मग दोघे व्याही एकाच खड्ड्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसले. जाळी दाट असली तरी काट्यांची होती.

सुपडू पळाला नाही. तो बाभळीच्या खोडाआड उभा राहून भराभरा लिहीत होता. कानावर पडेल ते लिहायचा हुकूम होता. "घोषणा पहिली," तो पुटपुटत होता, "एकना डोकामा भुसा... घोषणा दुसरी... जरा हळू म्हणा बाई, लिहून घेतोय." यावर त्याच्यासाठी स्वतंत्र कडवं रचण्यात आलं. त्याने तेही लिहिलं.

"कोण आहेत या?" आबांनी अंग चोरत विचारलं.

"आमच्या लेकीबाळी," सुकदेवराव म्हणाले.

"नेम चांगला आहे."

एवढ्यात जमावातून शेवंताबाई पुढे आल्या. साठीच्या, ठणठणीत, गौराईच्या गाण्यांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या मागे हिरव्या लुगड्यातली एक बाई तोंडावर पदर ओढून उभी होती आणि त्यांच्या कानाशी काही सांगत होती. शेवंताबाईंनी टिपरी वर केली, गाणं थांबलं.

"निघा भायेर," त्या म्हणाल्या. "कोन शेतस तुमी? आनि कसाले ऊनात?"

दोघे जाळीतून बाहेर आले. सुकदेवरावांची टोपी जाळीतच राहिली होती. ते कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "बाई, गैरसमज होतोय. आम्ही फुलं पाहायला आलो आहोत."

दोन्ही काठ असे हसले की भुंगे उडाले.

"फुलं देखाले कोनी येस का?" शेवंताबाई म्हणाल्या. हिरव्या लुगड्यातलीने पुन्हा कानाशी तोंड नेलं. "खरं सांग, भाऊ. कसाले ऊना? खरं सांगशी ते जाऊ दिसूत. नही ते आखाजीलगून हाई गानं चाली."

सुकदेवरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फाटकी छत्री मिटायला गेले, ती मिटेना. दोन्ही काठांवर पोरी उभ्या होत्या: नव्या लुगड्यांतल्या, हिरव्या बांगड्यांतल्या, कुणी परवा आलेल्या, कुणी काल आलेल्या, सगळ्या माहेरी आलेल्या. त्यांच्या डोक्यांवरच्या तांब्यांतलं पाणी उन्हात चकाकत होतं. इतक्या पोरींत आपली एक नाही, हे त्यांनी झोक्याकडे न बघता तीन चैत्र टाळलं होतं. इथे ओढून घ्यायला डोक्यावर टोपी नव्हती.

त्यांनी शेवंताबाईंकडे पाठ केली आणि ते व्याह्यांकडे वळले. कचेरीतली भाषा त्यांना त्या वेळी सापडली नाही. लहानपणीची सापडली.

"आबा," ते म्हणाले, "मन्ही कुंदाले आखाजीले धाडा."

टिपऱ्या थांबल्याच होत्या, आता बांगड्याही थांबल्या. हिरव्या लुगड्यातल्या बाईच्या तोंडावरचा पदर हळूच खाली आला. त्या यशोदाबाई होत्या. सुपडूने हे लिहायचं की नाही ते ठरेना, म्हणून पेन्सिल कानावर ठेवली.

चिंधू आबा एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायातला काटा काढत होते. काटा निघाला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"रात्री विचाराल म्हणून मी चार भाकरी खाल्ल्या," ते म्हणाले. "ती ट्रंक तिची आहे, सुकदेवराव. लग्नात तुम्हीच दिलेली. वर माझं एक धोतर टाकून आणलीये, गाडीत कुणी विचारू नये म्हणून. पोरीला चाळीसगावला माझ्या बहिणीकडे उतरवलंय. तुम्ही म्हणालात की तार करायची, असं ठरवून आलो होतो. रोज खिडकीशी बसते हो ती चैत्रात. मला बघवत नाही."

मग ते पुन्हा वाकले. धोतराचा राहिलेला सोगा भुईरिंगणीकडून सोडवून घेता घेता त्यांनी ते जांभळं फूल एकदा नीट पाहिलं.

"आणि हे फूल," ते म्हणाले, "आमच्या पाचोऱ्याला नाही."